अनुभव धागा : सई परांजपे तुमच्या घरात कुठल्या दाराने आल्या?

चाफेकळी (धागाकर्ती)

परवा आईचं कपाट आवरताना 'सय' हाती लागलं. राजहंसने २०१६ साली काढलेलं सई परांजप्यांचं आत्मकथन. मधल्या एका पानात वाण्याची यादी खूण म्हणून खोचलेली होती : तूरडाळ, रवा, उदबत्ती. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फतकल मारून वाचत बसले.

बाईंचा प्रवास थोडक्यात सांगायचा तर : वयाच्या आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे पुस्तक, पुणे आकाशवाणीवर निवेदन, बालनाट्यं, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दूरदर्शन, बालचित्र समितीसाठी मुलांचे सिनेमे, आणि मग चाळिशी ओलांडल्यावर मोठ्यांसाठीचा पहिला चित्रपट, 'स्पर्श' (१९८०). पुढच्या तीनेक वर्षांत 'चश्मेबद्दूर' आणि 'कथा'. मध्ये मध्ये रंगभूमी चालूच. 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी', 'माझा खेळ मांडू दे'. पद्मभूषण २००६ सालचं. बाकी पुरस्कार ज्याला हवेत त्याने शोधावेत, इथे यादी नको.

मला तुमच्या आठवणी हव्यात. समीक्षा नको. पहिली माझीच सांगते. दहावीच्या वर्षी टीव्हीवर 'चश्मेबद्दूर' लागला होता. टीव्ही बाहेरच्या खोलीत, मी आतल्या खोलीत भूमितीचं पुस्तक घेऊन, दार बंद. बाबांची सक्त ताकीद. त्यामुळे तो सिनेमा मी आधी ऐकला आणि पाहिला पाच वर्षांनी. पाहताना लक्षात आलं, की तिघं मुलं कोण, कसली, कोण थापाड्या, कोण सरळ, हे सगळं मला दाराआडूनच कळलेलं होतं. चेहरे फक्त नंतर चिकटवले. भूमितीत किती पडले ते विचारू नका.

---

बरसातीवाला

मी तेव्हा दिल्लीत होतो. नोकरीला नव्हतो, नोकरी शोधायला होतो! लाजपतनगरला तिघांत एक बरसाती. बरसाती म्हणजे गच्चीवरची एक खोली. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फाचा कारखाना. 'चश्मेबद्दूर' लागला तेव्हा आम्हाला वाटलं, कुणीतरी आमच्या खोलीत टेपरेकॉर्डर लपवून गेलंय. एकच सिगारेट तिघांत फिरते तो प्रकार आमच्याकडे रोजचा. आमच्याकडे एक इंटरव्ह्यूची पँटही फिरायची. तिघांची उंची वेगळी, त्यामुळे एकाची घोट्यावर, एकाची बुटावर. ज्याला नोकरी लागली त्याने पहिल्या पगारात आधी पँट शिवली.

कोपऱ्यावर आमचाही एक पानवाला होता. सईद जाफरींच्या लल्लन मियाँइतका रसाळ नव्हता, पण उधारीची वही मात्र तितकीच जाड. एकदा त्याने हिशेब मागितला म्हणून पंधरा दिवस आम्ही मागच्या गल्लीतून येजा केली.

लोक विचारतात, पुण्याच्या बाईला दिल्ली कशी काय इतकी सापडली? अहो, बाई तिथे शिकल्या, पुढे दूरदर्शनवर तिथेच राबल्या. या सिनेमाचं बीजसुद्धा त्यांनीच टीव्हीसाठी केलेल्या 'धुआँ धुआँ'मध्ये होतं. ते मोकळे रस्ते, तालकटोरा बाग, तो टुटीफ्रुटीचा वेटर! आता तिथे गेलो तर रस्ता ओलांडायलाच वीस मिनिटं लागतात.

---

कौलारू

शाळेच्या स्नेहसंमेलनात सईबाईंचं बालनाट्य 'शेपटीचा शाप' केलं होतं आम्ही. मी त्यात होते, आणि माझी शेपटी पहिल्याच प्रवेशात गळाली. सुंभाची शेपटी, सेफ्टीपिनने अडकवलेली. शाळेतल्या बाईंनी विंगेतून खुणावलं, पुढे चालू ठेव. मी शेपटी हातात घेऊनच उरलेले संवाद म्हटले. टाळ्या सगळ्यात जास्त मलाच.

आज शिक्षिका आहे आणि दर वर्षी मुलांसाठी नाटक शोधते. बहुतेक संहितांमध्ये पर्यावरण, स्वच्छता, मोबाइलचे तोटे आणि शेवटी सगळ्यांनी रांगेत उभं राहून केलेला उपदेश. त्याउलट सईबाईंचं 'झाली काय गंमत' वाचा. त्यातली मुलं मुलांसारखी बोलतात, भांडतात, वाह्यातपणा करतात. पोरांना पाठ करावं लागत नाही, तोंडातच बसतं. ज्या लेखकाला आठ वर्षांच्या पोराचं वाक्य लिहिता येतं त्याला पुढे कुणाचंही लिहिता येत असणार, असं आपलं माझं मत.

---

पेठकर

कौलारूताई, तुमच्या मताला माझा दुजोरा, आणि त्याचं कारण रेडिओ. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं तेव्हा मी सहा वर्षांचा. आमच्या वाड्यात एकच रेडिओ, मालकांकडे. मुलांच्या कार्यक्रमाची वेळ झाली की त्यांच्या ओसरीवर सतरंजी पडायची आणि आम्ही पंधरावीस कार्टी तोंडाला कुलूप लावून बसायचो. रेडिओवर चेहरा नाही, कपडे नाहीत, नेपथ्य नाही. माणूस उभा करायचा तो बोलण्यातून. सईबाई त्या शाळेतून आलेल्या.

दुसरं म्हणजे घर. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे, आई शकुंतलाबाई. संततिनियमनाचं काम त्यांनी अशा काळात केलं की लोक तो शब्द उच्चारायलाही लाजायचे. त्याच शकुंतलाबाई शांतारामबापूंच्या 'कुंकू'तही दिसल्या. अशा घरात पोरीला गप्प बस म्हणणारं कोण असणार?

---

गच्चीवरचा

'कथा'बद्दल लिहितो. लांबेल, माफ करा.

आमची चाळ गिरगावातली, आता तिथे बावीस मजली टॉवर आहे. १९७९ साली आमच्याकडे बाबांचे एक लांबचे मामेभाऊ आले. 'चार दिवसांसाठी.' चौदा महिने राहिले. खोली दहा बाय बारा. आम्ही पाच माणसं आणि हे सहावे. पण काय माणूस होता! सकाळी कॉमन नळावर रांग लागायची तर हे गाणं म्हणत पुढे जायचे आणि कुणी काही बोलायचं नाही. समोरच्या काकूंना त्यांनी सांगितलं होतं, की सिनेमावाल्यांत आपली ओळख आहे. खालच्या आजोबांना सांगितलं होतं, की आपण आयात-निर्यातीत आहोत. मला शिकवणीला सोडतो म्हणून न्यायचे आणि चौपाटीवर भेळ खिलवायचे, बाबांच्या पैशांनी.

बाबा म्हणजे अगदी 'कथा'तला राजाराम. कारकून, वेळेवर जाणारे, वेळेवर येणारे, कुणाच्याही सामानाची यादी घेऊन बाजारातून आणून देणारे. घरात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. आईसुद्धा पाहुण्यांसाठी जास्तीचं लोणी काढून ठेवायची.

एका गुरुवारी हे मामा (सगळी चाळ त्यांना मामाच म्हणायची) गेले ते गेलेच. बाबांचं घड्याळ, छत्री, आणि चाळीतल्या सात घरांतून मिळून साडेसहाशे रुपये. बाबांनी ते सगळ्यांना हप्त्याहप्त्याने फेडले. एका अक्षराने कधी बोलले नाहीत.

पुढे टीव्हीवर 'कथा' लागला. गॅलरीत सगळी चाळ जमलेली, कारण रंगीत टीव्ही एकाच घरात. फारूक शेख पडद्यावर आला, राजारामच्या खोलीत पाय पसरून बसला, त्याचे कपडे, त्याचं जेवण, त्याचं सगळं आपलंच मानून. पहिले काही क्षण कुणीच बोललं नाही. मग समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपला मामा!" आणि सगळी गॅलरी खो खो हसायला लागली. मी बाबांकडे पाहिलं. ते पण हसत होते. डोळे पुसत हसत होते.

मला या सिनेमातलं आजही थोर वाटतं ते हे, की फारूक शेखचा बाशू लुच्चा आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं, तरी तो आला की आपणही खूश होतो. त्याच्यावर भाळणाऱ्या संध्याला दोष देता येत नाही, चाळीला देता येत नाही. शेवटी कासव जिंकतं म्हणावं तर ती शर्यत कसली? राजारामला काय मिळालं आणि कसं मिळालं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. ती गोष्ट ससा-कासवाइतकी सोपी नाही. लिहिणारीला ससाही आवडलेला आहे, म्हणून हे जमलं.

---

टपरीवाला

जबरदस्त, गच्चीवरचे. फक्त एक : चाळ जरा धुऊनपुसून घेतल्यासारखी नाही वाटत 'कथा'त? आमच्या चाळीत संडासाच्या रांगेत डोकी फुटायची.

---

गच्चीवरचा

वाटते. पण डोकी फुटल्यावर संध्याकाळी त्याच दोन घरांतून वाटीभर आमटीची देवाणघेवाण व्हायची, ती बरोबर आहे.

---

पेठकर

एक दुरुस्ती, कारण वर कुणीतरी 'कथा'ची गोष्ट सईबाईंची असं गृहीत धरलेलं दिसतं. मूळ नाटक 'ससा आणि कासव', लेखक श. गो. साठ्ये. पटकथा आणि दिग्दर्शन सईबाईंचं. दुसऱ्याच्या नाटकाची भिंत पाडून त्यात गॅलरी काढणं हे वेगळं कसब आहे. नाटकाची पटकथा करताना बरेच जण खोलीतलंच संभाषण मैदानात नेतात, की झाला सिनेमा!

---

रानजाई

माझं वय सव्वीस, त्यामुळे दूरदर्शनच्या आठवणी नाहीत. २०१३ मध्ये जुना 'चश्मेबद्दूर' नव्याने साफसूफ करून थिएटरात आणला होता. त्याच दिवशी त्याचा नवा अवतारही लागला होता. बाबा मला जुन्याला घेऊन गेले. तेव्हा मजा आली. गेल्या वर्षी पुन्हा पाहिला आणि मजा येता येता थोडं अडखळले. दोन मुलं एका अनोळखी मुलीच्या मागे जातात, तिच्याबद्दल खोट्या फुशारक्या मारतात, पुढे तर उचलून नेण्याचं नाटक. आज माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत कुणी हे केलं तर मी पोलिसात जाईन.

मारायला धावू नका. मला सिनेमा आवडतोच. ओमी आणि जोमोच्या थापा बाई इतक्या हास्यास्पद करून दाखवतात, की थापाड्यांचंच हसं होतं, मुलीचं होत नाही. आणि नेहा स्वतः कमावते, दारोदार चमको पावडर विकते, तिला कुणाच्या परवानगीची गरज नसते. पण अडखळले हे खरं.

---

बरसातीवाला

धावत नाही. आम्ही त्या वयात जे काही केलं त्यातलं निम्मं माझ्या मुलीला सांगता येत नाही. तुमचं म्हणणं डोक्यात घेऊन परत पाहीन.

---

खाडाखोड

एकांकिका लिहितो, म्हणजे लिहायचा प्रयत्न करतो. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझी संहिता पहिल्या फेरीत पडली. परीक्षक म्हणाले, तुझी सगळी पात्रं एकमेकांना आपापल्या भावना समजावून सांगतात. खऱ्या आयुष्यात कोण असं बोलतं? आठवडाभर राग राग केला. मग मोठ्या भावाने एक उद्योग दिला : 'चश्मेबद्दूर'मधला चमकोचा प्रसंग पॉज करत करत वहीत उतरवून काढ, संवाद आणि कृती दोन्ही.

काढला. तुम्हीही काढून बघा. मुलगी पावडर विकायला दारात आली आहे, मुलगा बावचळला आहे, ती प्रात्यक्षिक दाखवते, टॉवेल भिजतो. बोलणं सगळं साबणाचं, मळाचं, टॉवेलचं. प्रेमाचा एक शब्द नाही. तरी प्रसंग संपतो तेव्हा आपल्याला कळलेलं असतं, की या दोघांचं काम झालं. मी वहीत प्रत्येक वाक्याखाली 'याला खरं काय म्हणायचंय' असं लिहीत गेलो, आणि मग कळलं की माझ्या एकांकिकेत मी ती खालची ओळ वर लिहीत होतो.

त्याच संहितेतली साडेतीन पानं उडवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या फेरीत पडलो. प्रगती आहे.

---

चाफेकळी

खाडाखोड, वहीतल्या त्या पानाचा फोटो टाकाच.

---

गाळेकर

'दिशा'चं नाव कुणीच काढलं नाही अजून. साहजिक आहे, तो सिनेमा फार जणांनी पाहिलेलाच नाही.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून गिरणीत आले. लालबागला गाळ्यात राहायचे. एका गाळ्यात तीस-पस्तीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं. एक वळकटी उठली की दुसरी पसरायची. जेवण खानावळीत. जानेवारी १९८२ला संप झाला, दीड वर्ष वाट बघून आजोबा गावी परतले ते परत मुंबईला गेले नाहीत.

'दिशा' १९९० सालचा, आम्ही फार उशिरा, सीडी आणून पाहिला. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव गावाकडून गिरणीत येतात, गाळ्यात राहतात. मला वाटलं आजोबा रडतील. आजोबा म्हणाले, "एवढंच? आम्ही ह्याच्यापेक्षा जास्त हसायचो." मग तासभर गाळ्यातल्या खोड्या सांगत बसले, कुणाच्या डब्यात काय टाकलं, भजनात कोण बेसूर. बापजन्मात त्यांनी कधी हे सांगितलं नव्हतं.

आज्जी मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हती. शबाना आझमी नवरा मुंबईला गेल्यावर गावात बिड्या वळायला जाते, हातात पैसा येतो, चालच बदलते तिची. सिनेमा संपल्यावर आज्जी एवढंच म्हणाली, "बाई सुटली." आणि भाकऱ्या थापायला उठली. आजोबा गिरणीत होते ती सगळी वर्षं आज्जी गावात एकटी शेती बघत होती. आमच्या घरात त्या बाजूची गोष्ट तोवर कुणी विचारली नव्हती.

---

टपरीवाला

'साज' कुणाला आवडला का? मला नाही. दोन गायिका बहिणी, अरुणा इराणी-शबाना, गाणी उत्तम, झाकीर हुसेन चक्क पडद्यावर. कोणावरून घेतला यावरून तेव्हा बरीच राळ उडाली होती, त्यात मला रस नाही. पण बाकीच्या सिनेमांत माणसं बोलतात, इथे निवेदनं देतात. भांडण लागलं तर माघार घेईन.

---

कौलारू

घेऊ नका, मलाही तसंच वाटतं. मात्र धाकटीची घुसमट, घरात सगळं प्रेम असताना होणारी, ती मला पटली. मी तिघींतली मधली आहे.

---

सातासमुद्रा

न्यू जर्सीहून. लेकीला (वय १४) 'कथा' दाखवला. खाली इंग्रजी पाट्या होत्या आणि निम्मे विनोद त्यात वाहून गेले, मी थांबवून थांबवून समजावत होते. तिचा प्रश्न एकच : "आई, यांच्या घरांची दारं सारखी उघडी का?" काय सांगू? आमच्या इथे शेजाऱ्याला भेटायचं तर आधी मेसेज करतात.

---

मांजरपाट

मला 'चूडियाँ' आठवतो. माहितीपट, एका छोट्या गावातल्या बायका दारूबंदीसाठी उभ्या राहतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय त्याला. एका शिबिरात पाहिला होता. आमच्या गावात त्यानंतर दोन वर्षांनी दारूचं दुकान बंद झालं. सिनेमामुळे असं म्हणत नाही. पण मोर्चात पुढे चालणाऱ्या दोघीजणी त्या शिबिराला आलेल्या होत्या. त्यातली एक माझी आई.

---

श्रुतयोजन

चाफेकळी, तुमच्या पहिल्या पोस्टमुळे लिहितोय. तुम्ही 'चश्मेबद्दूर' आधी ऐकलात. मी सगळेच सिनेमे ऐकतो. जन्मापासून दिसत नाही. हे लिखाणही फोन वाचून दाखवतो त्यावर चालतं, तेव्हा चुका पोटात घाला.

'स्पर्श' मी पहिल्यांदा वसतिगृहात ऐकला, सतरा-अठरा मुलं एका खोलीत. त्याचं चित्रीकरण दिल्लीतल्या अंधांच्या खऱ्या शाळेत झालंय आणि त्यातली मुलं त्या शाळेचीच आहेत, हे आम्हाला सरांनी आधीच सांगितलं होतं. सांगितलं नसतं तरी कळलं असतं. आमच्या वयाची डोळस मुलं आंधळ्याची भूमिका करतात तेव्हा आवाज बारीक करतात, का कोण जाणे. जणू डोळ्यांबरोबर घसाही गेला. 'स्पर्श'मधली पोरं आमच्यासारखीच गोंगाट करत होती.

सुरुवातीला अंध नायक अनिरुद्ध डॉक्टरकडे निघालेला असतो आणि गाण्याचा आवाज ऐकून भलत्याच दाराशी पोचतो. खोलीत एकदम शांतता झाली आमच्याकडे. कारण हे आम्ही सगळ्यांनी केलेलं. मी एकदा कांदाभज्यांच्या वासावर लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो होतो आणि जेवून आलो. पण सिनेमात कुणी आवाजाच्या मागे चालत जातं आणि त्यावर दया दाखवणारं संगीत वाजत नाही, हे आम्ही तोवर ऐकलंच नव्हतं.

माझी तक्रारही आहे. अनिरुद्धचा ताठा मला अर्ध्यावर कंटाळा आणतो. मदत घेतली की आपण लहान होतो, ही भीती मला विशीत होती, आता नाही. रस्त्यावर लोक न विचारता दंड धरतात आणि ओढत नेतात तेव्हा राग येतो. पण विचारून हात पुढे केला तर मी खुशाल धरतो. बायकोला 'स्पर्श' ऐकवला (तिला दिसतं, ती बघत होती). नायिका कविता खरंच प्रेम करतेय की त्याग करायला माणूस शोधतेय, अशी शंका अनिरुद्धला येते, तिथे तिने टीव्ही थांबवला आणि म्हणाली, "तुला कधी वाटलं होतं असं?" मी म्हटलं, हो, पहिली दोन वर्षं. ती म्हणाली, "मग बोलला का नाहीस?" त्या दिवशी उरलेला सिनेमा राहिलाच. दुसऱ्या दिवशी पूर्ण केला.

---

चाफेकळी

श्रुतयोजन, तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. ती म्हणते, तोवर 'स्पर्श' लाव, ऐकते. आणि वाण्याची यादी 'सय'मध्ये होती तिथेच परत ठेव, तिचं पान चुकलंय.

---

पेठकर

यादीतली उदबत्ती आणली का पण?